मित्राच्या भाड्याचा लिलाव

मखमलाबादच्या रंगनाथनं सारी उमर मेथी-कोथिंबीर पिकवली, पण एकाही जुडीचा भाव कधी स्वतःच्या तोंडानं सांगितला नाही. माल पंचवटीच्या मार्केटात उतरवायचा आणि शेजारी गप्प उभं राहायचं. भाव काय तो अडत्या सोमनाथ पुकारणार. अशा माणसावर वरच्या मजल्याचं भाडं वाढवायची वेळ आली. भाडेकरू मोतीराम, एसटीतला निवृत्त कंडक्टर, शाळेपासूनचा दोस्त. राहायला आला तेव्हापासून भाडं तेच होतं. घरपट्टी मात्र कुणाचीच दोस्त नव्हती.

"आज तरी बोला एकदाचं," त्याची बायको लंकाबाई रोज म्हणायची. रंगनाथ रोज जिना चढायचा आणि चहा पिऊन, पत्त्यांचा डाव हरून खाली यायचा. बोललो आणि उद्यापासून डावच बंद झाला तर? वाढीव भाड्यावाचून त्याचं भागलं असतं. डावावाचून संध्याकाळचं करायचं काय, हे त्याला माहीत नव्हतं.

शेवटी त्यानं त्याला येत होतं तेच केलं. सोमनाथला बोलावलं.

रविवारी सोमनाथ ओट्यावर बसला, मोतीरामला समोर बसवलं आणि सवयीनं सुरूच झाला. "पाच हजार, बोला, पाच! रस्त्याकडची गॅलरी, भरपूर पाणी..."

"पाणी सकाळी तासभर येतं," मोतीराम म्हणाला. "साडेपाच."

"सात," आतून लंकाबाई.

"वहिनी, स्वतःच्याच घरात भाड्यानं राहणार का?"

"राहीन की. वरचा पंखा बरा आहे."

रंगनाथ नेहमीसारखा मालाशेजारी मान खाली घालून उभा होता.

साडेसहा हजारांवर सौदा पक्का झाला. सोमनाथनं अडत म्हणून परसातली वांगी नेली. मोतीराम तडक वर निघून गेला.

संध्याकाळी रंगनाथ जिन्याशी घुटमळत राहिला. वर जायचं तर कुठल्या तोंडानं? तेवढ्यात वरूनच हाक आली.

"अहो घरमालक, मोरीचा नळ दोन वर्षं गळतोय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"जुन्या भाड्यात बोलायची लाज वाटायची. आता हक्कानं सांगतो. पाना घेऊन ये."

नळ काही त्या दिवशी बसला नाही. डाव मात्र तीन झाले आणि तिन्ही रंगनाथ हरला.

"काय म्हणतात?" लंकाबाईनं ताट वाढताना विचारलं.

"खिडक्यांना रंग मागतोय," रंगनाथ म्हणाला, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.