धाकट्याची जागा

देवाने तालमीशिवाय जग निर्माण केले, ही एकच गोष्ट आमच्या नाटकवाल्या काकांना आजवर पटलेली नाही. मंठ्याजवळच्या आमच्या गावातल्या ल्युथरन चर्चमध्ये ते ना पाळक, ना पंच. पण त्यांच्या मते उपदेश या कानाने आत जातो आणि पायरीवर चपला घालताना बाहेर पडतो. नाटक मात्र माणसाच्या अंगात राहते. त्यामुळे दहा आज्ञासुद्धा ते मुलांना पाठ करायला न सांगता करून दाखवायला लावत. चोरीची आज्ञा दाखवताना माझ्या चुलतभावाने खरोखरच दानपेटी उचलून नेली, तेव्हा काका पंचांना म्हणाले, "पोरानं भूमिका सोडली न्हाई, एवढं बघा." पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की हे पहिल्या बाकावरून हलकेच हात वर करीत. "साहेब, आवाज मागं पोचून न्हाई राह्यला."

सुगीच्या सणाला उपासना संपली की दरवर्षी नाटक एकच: बायबलातल्या उधळ्या पुत्राचे. वाटणी घेऊन घर सोडणारा, ती उधळून डुकरे राखायची पाळी आल्यावर परतणारा धाकटा मुलगा, घरीच राहिलेला थोरला, आणि वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप. बाप स्वतः काका. वेचणीच्या कापसाची दाढी लावलेले, हातात मुलासाठी जुन्या पडद्याचा झगा. एका वर्षी डुकराच्या भूमिकेतल्या शेळीने ती दाढी खाल्ली, आणि बापाने तुळतुळीत चेहऱ्यानेच मुलाला क्षमा केली.

धाकटा मात्र ते फार निवडून घेत. घरात पहिल्यांदाच शिकू पाहणारा, बुजरा मुलगा. मी तसाच होतो. चार लोकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. "बाबा, मी चुकलो" एवढे वाक्य त्यांनी मला शेताच्या बांधावरून ओरडायला लावले. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. मुलाखतीत माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो त्या बांधावरचा होता, हे मी कुणालाही सांगेन. अडचण एवढीच की काकांनी ज्याला ज्याला धाकटा केला, तो तो गावाबाहेर पडला. कोणी पुण्याला, कोणी आखातात. राहायला परत कोणीच आले नाही. आधी आया काकांच्या दारी यायच्या, "भाऊ, यंदा माझ्या पोराला धाकटा करा, नोकरी लागू द्या त्याला." मग घरांना कुलपे लागू लागली, तशा त्याच बाया म्हणू लागल्या, "थोरला करा, न्हाई तर डुक्कर करा. धाकटा बिलकुल न्हाई." काकांचा स्वतःचा मुलगाही एकदा धाकटा झाला होता. त्याचा फोन येतो.

यंदा सणाला मी गेलो. बाकांवर सगळी म्हातारी माणसे, आणि धाकटा व्हायला कोणीच नाही. पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "काका, राहू द्या आता. बंदच करू."

"बंद केलं तर बाप घरात जाऊन बसंल," काका म्हणाले. "मंग वाटंवर कोण?"

दाढी लावून ते उभे राहिले. दोघांची वाक्ये एकटेच म्हणत, बापाला मुलगा लांबून दिसतो तिथपर्यंत आले, आणि थांबले. दाराकडे बघत. बायाही वळून दाराकडे बघू लागल्या. दारात नुसते ऊन होते. काका वाक्य विसरलेले नव्हते. ते वाट पाहत होते.

शेवटी मागच्या बाकावरून मीच उठलो. सुटलेले पोट आणि चष्मा सावरत म्हणालो, "बाबा, मी..." मुलाचे वाक्य पुरे होण्याआधी बापाने धावायचे, याबाबत काका फार कडक. सगळी कृपा त्या धावण्यातच आहे, असे ते सांगत. दुखरा गुडघा हाताने धरून ते धावले. झगा माझ्या खांद्यापाशीच अडला. त्यांनी मिठी मारली, ती बराच वेळ सोडली नाही. पूर्वी विसरलेले वाक्य पुरवीत, तसे हळूच कानात त्यांनी विचारले, "गाडी कितीची हाय?"

"पाचची."

"मंग जल्दी जेवून घे," ते म्हणाले. "आन् झगा काढून ठेव. पुढल्या साली लागंल."