एका चुलीचा पासवर्ड

मी नाशकात राहून लहान कारखान्यांचे आणि पॅकहाउसचे सर्व्हर सांभाळते. काम बहुतेक घरूनच होतं, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. लोकांना वाटतं, याला मोठी विद्या लागते. रोज लागणाऱ्या आज्ञा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. डिस्क किती भरली ते df सांगतं, कुठल्या फोल्डरने भरली ते du, आत्ता आत कोण बसलंय ते w. आज्ञांनी मला कधी त्रास दिला नाही. माणसं देतात.

वणीच्या रस्त्याला तीन भावांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, परदेशी जाणारा माल पेट्यांत भरायची जागा. थोरल्यांना सगळे आप्पा म्हणतात, मीही. मधले भाऊ बागा आणि तोडणी बघतात, धाकटे कंटेनर, आणि धाकट्यांची बायको, म्हणजे वहिनी, पेट्यांवरची लेबलं. चौघांपुढे कॉम्प्युटर, आणि चौघंही जिन्याखालच्या सर्व्हरमध्ये root या एकाच नावाने शिरायचे. root म्हणजे यंत्राचा मालक. तो सांगेल ते यंत्र करतं, उलट विचारत नाही. पासवर्डही एकच, देवीच्या नावाचा.

प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड आणि लागतील तेवढेच अधिकार द्या, असं मी पहिल्यापासून सांगत होते. एकदा आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मॅडम, आमच्यात अजून चूल एक हाय. तुम्ही कॉम्प्युटरात वाटण्या करू नका."

"वाटण्या नाहीत, आप्पा. कोणी काय केलं ते कळायला हवं."

"ते कशाला कळाया पाहिजे? घरच्यांनीच केलं आसंल ना?"

मधले हसले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि कप उचलून निघून गेल्या. विषय संपला.

ऐन हंगामात एका सकाळी धाकट्यांचा फोन आला. "मॅडम, लेबलं बंद पडली. कंटेनर दारात उभा हाय, आन् पेट्यांची फाईल दिसत नाय."

ही फाईल म्हणजे सगळं. पेटी भरली की कुठल्या बागेतला माल त्या पेटीत गेला, ते लेबलचा प्रोग्राम त्या फाईलमध्ये लिहितो. ती नसेल तर पेटी परदेशी जात नाही. बॅकअप रात्री होतो, म्हणजे सकाळपासून भरलेला माल बॅकअपमध्ये नव्हता. पेट्या पुन्हा फोडून कुठली द्राक्षं कुणाच्या बागेतली ते ओळखणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

मी घरून आत शिरले. df म्हणत होतं, डिस्क ठासून भरली आहे. du म्हणत होतं, निम्मी मोकळी आहे. दोघांत असा फरक पडला की एकच अर्थ असतो: कोणीतरी मोठी फाईल उडवली आहे, पण ती वापरणारा प्रोग्राम अजून चालू आहे. rm ही आज्ञा फक्त फाईलचं नाव काढते. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं तरी कसणारा शेतात बसलेलाच असतो, तसं. प्रोग्राम चालू असेपर्यंत आतला मजकूर जागेवर असतो आणि परत घेता येतो. प्रोग्राम बंद केला किंवा मशीन रीस्टार्ट केलं की कायमचा गेला.

आणि रीस्टार्ट हे या घरातलं रामबाण औषध.

"फोन स्पीकरवर टाका," मी म्हटलं. "कोणीही काहीही रीस्टार्ट करू नका. आता सांगा, फाईल कोणी उडवली आणि त्यानंतर लेबलचा प्रोग्राम कोणी बंद केला का?"

"माझ्याकडूनच झालं आसंल," मधले म्हणाले. "जागा नव्हती म्हणून उडवली."

"नाही हो भाऊजी, तुम्ही तर बागेत होतात," वहिनींचा आवाज. "मॅडम, मीच केलं."

"तिला काय येतंय त्यातलं? मी केलं," धाकटे.

"मला कोणाला फाशी द्यायची नाहीये," मी ओरडले. "प्रोग्राम बंद केला की नाही, एवढंच सांगा."

"केला आसंल," मधले म्हणाले. "नसंल बी."

इतकं प्रेम मी कुठल्याच घरात पाहिलेलं नाही, आणि इतकं निरुपयोगीही. प्रत्येकजण दुसऱ्याला पाठीशी घालत होता आणि मला हवी असलेली एकच गोष्ट कोणी सांगत नव्हतं. शेवटी ps, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, लावून पाहिलं. प्रोग्राम पहाटेपासून न थांबता चालू होता. मग lsof +L1, म्हणजे नाव उडवलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाईली. दोन निघाल्या. एक प्रिंटरच्या तक्रारींचा लॉग, म्हणजे नोंदवही, फुगून डिस्क भरून बसलेला. दुसरी पेट्यांची.

काय झालं ते उघड होतं. आधी लॉग उडवला. प्रोग्रामने तो धरून ठेवलेला, म्हणून जागा झाली नाही. मग जी दुसरी मोठी फाईल दिसली ती उडवली. असा लॉग उडवायचा नसतो, रिकामा करायचा असतो. हे मी त्या घरात इतक्यांदा सांगितलंय की मला माझाच कंटाळा येतो.

मी लॉग रिकामा केला. जागा झाली. पेट्यांची फाईल बाहेर काढायची आज्ञा टाइप करत होते, तेवढ्यात माझ्या पडद्यावर ओळ उमटली: मिनिटभरात यंत्र रीस्टार्ट होणार आहे.

"आप्पा!"

"तुमचं चालू द्या, मॅडम," आप्पा शांतपणे म्हणाले. "म्हटलं तवर रीस्टार्ट करून घेतो. लय जड चाललंय मशीन."

shutdown -c टाइप करताना माझी बोटं घसरली. दुसऱ्यांदा बरोबर पडली. रीस्टार्ट रद्द झाला. मग मी कोणालाच विचारलं नाही. चौघांनाही सर्व्हरमधून बाहेर काढलं, root चा पासवर्ड बदलला, आणि मगच फाईल बाहेर काढली. वहिनींना शेवटच्या पेटीवरचा नंबर वाचायला सांगितला. फाईलमध्येही शेवटचा तोच होता. लेबलं सुरू झाली. दुपारी कंटेनर गेला.

संध्याकाळी आप्पांचा फोन. "पासवर्ड चालंना."

"चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी चौघांना चार नावं दिली. आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. चहा मात्र आला.

आठवड्याभराने last लावून पाहिलं, कोण कधी आत आलं ते. चारही कॉम्प्युटरवरून एकच माणूस: आप्पा. मी फोन केला.

"चौघं तुमच्याच नावाने कसे काय शिरतात?"

"मग कोणाच्या शिरणार? घरात थोरला मीच ना?"

मी वाद घातला नाही. आप्पांच्या नावाचे अधिकार काढून घेतले. सगळं बघता येईल. उडवता येणार नाही, रीस्टार्ट करता येणार नाही. लेबलं फक्त वहिनींच्या नावाने निघतील. आप्पांना यातलं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"मॅडम, आप्पांच्या नावाने लेबल निघत नाही."

"तुमच्या नावाने शिरा."

"ते इथंच बसलेत."

"मग काय झालं? गाडी कधी सुटायचीय?"

"आत्ताच."

"मग शिरा."

फोनमध्ये पेट्या पुढे नेणाऱ्या पट्ट्याचा आवाज येत होता. मागून आप्पा कोणाला तरी पेट्या नीट रचायला सांगत होते. मग कीबोर्ड वाजला, सावकाश, एकेक अक्षर.

"निघालं," वहिनी म्हणाल्या. "ठेवते."