गेलेल्या मास्तरचा आवाज

आमच्या पांढुर्ण्यात मेलेला माणूस गणित शिकवे, असं कोणी म्हटलं तं हासू नका. मी प्रमिला, त्या मास्तरच्या घराच्या भिंतीले लागूनच राह्यते. दिवे लागाच्या वेळी गल्लीतून निघाली का चार घराइतून एकच आवाज ये, "समजून राह्यलं न?" अंगावर काटा ये, खोटं काहून बोलू.

तो मास्तर म्हणजे अमोल, माह्या शेजारच्या शांताबाईचा थोरला पोरगा. आमचं गाव मध्य प्रदेशात, तं शाळेत गणित-विज्ञान हिंदीत, घरी आपली बोली, अन् मधात लेकरू लटकलेलं. म्हणून त्यानं अन् त्याची बहीण प्रज्ञानं मोबाइलवर शिकवाचं ॲप काढलं. सारे धडे अमोलच्या आवाजात, आपल्या बोलीत. अपूर्णांक म्हणजे संत्र्याच्या फोडी. उत्तर चुकलं का तो मायेनं समजावे अन् खालच्या वर्गाचं सोपं गणित दे. पहिलीपर्यंत उतरूनही जमलं नाही, तं त्या लेकराले मास्तरनं स्वतः फोन लावाचा, हा त्याचा नेम. आजूबाजूच्या तिगाव-सौंसरचेही पोट्टे जुळले. अन् मागच्या हिवाळ्यात बोरगावजवळ ट्रकनं त्याले उडवलं.

प्रज्ञानं रडत रडत ॲप चालू ठेवलं. पण लेकराईले कळलं का मास्तर तं मेला. एक पोट्टी झोपीत दचकू लागली. मायबाप म्हणत, आवाज बदला, नाहीतं आम्ही सोडतो. प्रज्ञा भडके. आम्ही बुद्धाचे, भूतबीत मानत नाही, म्हणे. पण पोट्टे गळतच राहिले, तवा तिनं स्वतःच्या आवाजात सारे धडे भरले. एक बटण दाबलं का अमोल जाणार, प्रज्ञा येणार. तेच तिच्यानं दाबवत नव्हतं. भावाले दुसऱ्यांदा पोचवून येऊ का, म्हणून मलेच विचारे.

त्या दिवशी मी तिच्याजवळच बसली होती. आज दाबतेच म्हणाली, पण आधी अमोलच्या नेमाचे राह्यलेले फोन करून टाकू. ॲप नाव-नंबर दाखवत नाही, नुसती घंटी लावते. एक लेकरू नववीपासून घसरत पार पहिलीत येऊन पडलं होतं. दोन अन् दोनही चुकवून राह्यलं होतं. कोणाचं हाय बाप्पा हे, म्हणत तिनं फोन लावला.

घंटी मागच्या खोलीत वाजली.

शांताबाई पलंगावर फोन घेऊन बसली होती. चौथी शिकलेली बाई, संत्र्याच्या तोडीवर साऱ्या बायांचा हिशोब तोंडी करणारी. प्रज्ञा दारातच थबकली.

"आई, दोन अन् दोन किती?"

"चार. मले येते वं. पण चार दाबलं का तो गप बसते. चुकलं का बोलते."

प्रज्ञा तिच्या पायाशी बसली. माह्या तं डोयाले धारा लागल्या. थोड्या वेळानं प्रज्ञा म्हणाली का नाही काढत मी आवाज, गेले पोट्टे तं जाऊ दे, ॲप बुडालं तरी चालन. शांताबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काढ वं. कितीक वेळा बोलावू त्याले? थकला असन माहा पोरगा."

अन् तिनं प्रज्ञाचं बोट आपल्या हातात धरून ते बटण दाबलं.