इन्साफखाला आणि शेपूची जुडी

इजिप्तच्या राजधानीतल्या शुब्रा वस्तीत, आमच्या गल्लीत आज कोणाकडे काय शिजतंय, हे विचारावं लागत नाही. ते ऐकू येतं. आणि सगळ्यात आधी ऐकू येते ती इन्साफखाला.

ही खाला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, चौथ्या मजल्यावर राहते, मी पहिल्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बाजाराला म्हणून तिनं जिना उतरलेला मला आठवत नाही. सज्जातून दोरीला बांधलेली वेताची टोपली सोडायची, ती माझ्या खिडकीसमोरून डुलत डुलत खाली जायची, आणि खाली बयूमी वाण्यानं त्यात सामान घालायचं. तशी आमच्याकडे सगळ्याच बायका टोपली सोडतात, पण खालाची टोपली म्हणजे भांडणाला निघालेली बाई!

"बयूमी! कालच्या टोमॅटोंना दाढी फुटलीये! परत घे!"

"खाला, दाढी नाही गं, मऊ आहेत जरा. तुझ्या दातांचा विचार करून दिले!"

"माझ्या दातांनी तुझं दुकान चावून खाईन! कडक दे! आणि लिंबं हाताळून दे, डोळे मिटून नको!"

टोपली वर, टोपली खाली. असे तीन फेरे झाल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नसे. मी आपला खिडकीत चहा घेऊन बसायचो. एकदा तर वर जाणाऱ्या टोपलीतली काकडी मी हळूच उचलली. वरून आवाज आला, "हाजी मुतवल्ली, दोरी हलकी लागली हो! मीठ पाठवू का सोबत?"

तर या खालाचा एकुलता एक मुलगा रऊफ. गुणी पोरगा. त्यानं शहराबाहेर वाळवंटात वसवलेल्या नव्या नगरात घर घेतलं. खालाचा नवरा वारल्यावर त्याच्या मनानं घेतलं की आई एकटी नको. "रात्री-बेरात्री पडलीस तर कळणार कोणाला?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी असं ठरलं, की खालानं महिनाभर तिकडे राहून बघायचं आणि महिनाअखेरीस शुब्र्याच्या घराची चावी मालकाला द्यायची. ही जुन्या, गोठवलेल्या भाड्याची घरं. एकदा चावी दिली की संपलं. मालक तर हात पसरूनच बसला होता.

पुढचं मला खालानंच सांगितलं. तिखटमीठ असलंच तर तिचं आहे, माझं नाही.

नवं घर छान. सून शाहिनाझ प्रेमळ. पण तिथं आठवड्याला एकदा गाडी काढायची, डिकी भरून सामान आणायचं आणि मग आठवडाभर फ्रिज जे देईल ते खायचं. एका सकाळी रऊफ आणि सून कामावर गेल्यावर खालानं महशीचा, म्हणजे भात भरलेल्या भाज्यांचा घाट घातला. कोबीची पानं उकडली, वांगी कोरली, तांदूळ धुतला, कोथिंबीर चिरली आणि बघते तर शेपू नाही! शेपूशिवाय महशी म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही विचारा.

सवयीनं तिनं सज्जात जाऊन धुण्याच्या दोरीला बादली बांधली आणि सोडली खाली. हाकही मारली, "शेपूची जुडी दे रे!"

खाली पहारेकरी होता, दक्षिण इजिप्तच्या खेड्यातला, सईदी माणूस. त्यानं बादलीत डोकावलं आणि वर पाहिलं.

"खाला, इथं वाळू आहे. भरून देऊ?"

"मेल्या, दुकान कुठंय?"

"ते काय, समोर दिसतंय ना लाल पाटीचं? पण तिथं चालत कोणी जात नाही."

"का? कुत्री आहेत?"

"रस्ता नाही, खाला."

रस्ता होता हो, भलामोठा होता, पण गाड्यांचा. पायांसाठी कडेला हातभर फरशीसुद्धा नव्हती. खाला गुडघ्यांची समजूत घालत निघाली. दर थोड्या वेळानं एखादी गाडी थांबायची.

"काकू, गाडी बंद पडली का?"

"बंद पडायला मुळात असावी लागते, बाळा!"

दुकानाशी पोचली तर आत शिरायला फक्त गाड्यांचं फाटक. आडवा दांडा, शेजारी चिठ्ठी देणारं यंत्र. पायी येणाऱ्याचं दार पलीकडच्या बाजूला होतं म्हणे, पण ते तिला कोण सांगणार? मग आमची खाला सरळ रांगेत उभी राहिली. पुढे पांढरी गाडी, मागे काळी गाडी, मधे खाला! तिची पाळी आली, तिनं यंत्राचं बटण दाबलं, दांडा काही हलेना. मागून भोंगे सुरू झाले. दांड्याजवळचा माणूस धावत आला.

"बाई, गाडी कुठंय तुमची?"

खालानं चपलेतले दोन्ही पाय दाखवले. "ही काय. जुनी आहे, पण चालू आहे."

त्यानं घाबरून तिच्याकडून रऊफचा नंबर घेतला आणि फोन लावला, "साहेब, तुमच्या मातोश्री आमच्या फाटकात उभ्या आहेत." रऊफ कामावरून धावत आला. शेपू मिळाला, पण प्लास्टिकात गुंडाळलेला, गारठलेला. परतताना गाडीत रऊफ म्हणाला, "आई, मला फोन करायचास ना!"

"शेपूच्या जुडीसाठी मुलाला कचेरीतून उठवू? मग मी तुझी आई कसली, तुझा साहेब झाले की!"

महिना संपला. चावी द्यायचा दिवस उजाडला. मालक सकाळपासून माझ्याकडे येऊन बसला होता, माझाच चहा पीत. रऊफनं खालाला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. "तू वर जाऊन सामान बांध, मी गाडी लावून आलोच," म्हणाला.

शुब्र्यात आणि गाडी लावून आलोच!

तो एक चक्कर मारून गल्लीच्या तोंडाशी आला, तर आईची टोपली खाली चाललेली. दुसऱ्या चकरेला टोपली वर, त्यात वांगी आणि हिरवागार शेपू. "बयूमी, वांगी आहेत की फुगे?" "महिनाभर कुठं होतीस गं, माझा माल कोणी नाकारेचना!" तिसऱ्या चकरेला तर लसणाचा खमंग वास गल्लीभर. इकडे मालकाचं घड्याळ आणि माझी साखर, दोन्ही संपत आलेली. शेवटी तो वैतागला. "उद्या बघू," म्हणून तणतणत निघून गेला.

रऊफला जागा मिळाली ती थेट रेल्वेच्या पुलापलीकडे. घामाघूम होऊन, मालकाला द्यायची घराची दुसरी चावी मुठीत धरून तो गल्लीत शिरला. वर सगळं शांत होतं. पातेलं चुलीवर ठेवून खाला जरा टेकली होती. तेवढ्यात बयूमी दुकानातून बाहेर आला, रऊफकडे त्याची पाठ होती, आणि मान वर करून ओरडला,

"ओ खाला! इतका वेळ हाक नाही, जिवंत आहेस ना? की येऊ वर?"

"आहे रे! तुला लिंबं परत केल्याशिवाय मरायची नाही!"

समोरच्या घरातून एक खिडकी हसली, तिच्यावरची दुसरी हसली. रऊफ तिथंच उभा राहिला. मी त्याला खिडकीतून म्हटलं, "बस रे बाळा, मालक गेला." तो जिना चढून वर गेला, मीही मागोमाग गेलो. वास येत होता, मला कोण अडवणार?

जेवताना त्यानं विचारलं, "आई, सामान बांधलंस?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पातेल्यातली आणखी दोन वांगी वाढून घेतली. दुसऱ्या दिवशी मालकाला त्यानंच फोन केला. मालक काय बोलला ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात.

आता दर शुक्रवारी रऊफ आणि सून दोघं मेट्रोनं येतात. स्टेशनापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर, पण शाहिनाझला पोचायला तासभर लागतो. पावाच्या भट्टीशी थांबते, लोणच्याच्या बरणीशी थांबते, परवा तर कबुतरवाल्याशी घासाघीस करत होती. रऊफ पुढे येऊन जिन्यात बसतो आणि मला म्हणतो, "हाजी, हिला आवरा हो, ही अजून मच्छीवाल्यापर्यंतसुद्धा पोचली नाहीये!"