पहिलं बोट कोणाचं?

खेड्यातल्या दवाखान्यात राहिलं की किस्से आपोआप साठतात. औषधं संपतात, किस्से काही संपत नाहीत! सत्तरच्या दशकात मी कामरगावकडच्या एका दवाखान्यात डॉक्टर होते. नागपूरहून आलेली, तरुण आणि भारी हट्टी.

हट्ट एकच: बाळाच्या पोटात पहिलं आईचंच दूध गेलं पाहिजे. जन्मताना पोट कोरं असतं, मग जंतू तिथे बिऱ्हाड करतात. चांगले आधी पोचले की वाईटांना जागा मिळत नाही. पण गावाची रीत वेगळी. कर्तबगार माणसानं बोटावर मध घेऊन बाळाला चाटवायचा. ज्याचं बोट, त्याचा स्वभाव बाळाला! मळेवाल्यांच्या कमलचं पहिलं बाळ असंच मध चाटवल्यावर जुलाबानं गेलं. मला फार लागलं ते. आणि कमल आता पुन्हा दिवसांत होती.

* * *

एका आजोबांनी नातवाला बोट चाटवायला थेट हेडमास्तरांना आणलं. मी अडवून पाहिलं, कोणी ऐकेना. निदान हात तरी धुवा म्हटलं. मास्तरांनी बिचाऱ्यांनी साबण लावून खसाखसा धुतले.

आजोबांनी कपाळावर हात मारला, "गेली ना सारी इद्या मोरीत!"

* * *

पहिलं पिवळं दूध म्हणजे चीक. तो लोक पिळून फेकून द्यायचे. मी एका घरी चिडले, "म्हशीचा चीक वाट्या भरभरून खाता, मग बाईचाच काहून फेकता?"

आमची सिस्टर हळूच म्हणाली, "म्हशीले सासू नसते, बाई!"

* * *

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीला जरा आंबूस वास येतो. तो आला की पोटात चांगले जंतू नांदतायत असं मी समजायची. त्यामुळे बाळोतं उचलून हुंगायची मला सवयच लागली. एकदा हुंगून "वा, छान!" म्हटलं.

संध्याकाळपर्यंत बाजारात बोभाटा, "नागपूरची डाक्टरीन हगलेलं हुंगते अन् खुश होते!"

* * *

एक जैन शेठजी होते, कापडाचे दुकानदार. त्यांना मध चालत नसे, म्हणून गुळाचं पाणी आणलं होतं. मी पोटातले जंतू समजावून सांगितले. ते गंभीर झाले.

"मंजे एवढ्याशा पोटात एवढे जीव?"

"हो. आईच्या दुधावर तेही जगतात."

शेठजींनी गुळाचं पाणी बाजूला ठेवलं. "मंग पाजा, पाजा! उपाशी काहून ठेवता त्याइले?"

* * *

आणि कमलला मुलगी झाली. मी पाळीव मांजरीसारखी खाटेपाशीच बसून होते. तिची सासू, सगळा मळा एकहाती चालवणारी बाई, मधाची वाटी घेऊन आत शिरली. बोट मधात बुडवलेलं.

"सरका डाक्टरीनबाई. नात माह्यावर गेली पाह्यजे!"

मी तोंड उघडणार, तोच पदराआडून आवाज आला. सासूपुढे कधी मान वर न केलेली कमल बोलत होती.

"आत्याबाई, मी पाजलं तिले. पयलं माहंच गेलं पोटात."

सिस्टर भिंतीला चिकटली. सासूनं पदर जरासा सारून पाहिलं. पोरगी मजेत लुचत होती.

मग सासूनं ते मधाचं बोट सरळ सुनेच्या तोंडात घातलं आणि म्हणाली, "मंग तू तरी जाय माह्यावर!"