शालूनं केलेलं चिलखत

सकाळी दुकान उघडून मी पोह्याचं पोतं पुढे ओढत होते, तेव्हा फोन वाजला. यजमानांचा होता. ते नागपूरला, हॉस्पिटलात, शालूजवळ होते. मी आदल्या संध्याकाळच्या गाडीनं तुमसरला परतले होते, कारण घरी सासूबाई आणि माझी मुलगी गार्गी दोघीच होत्या. "गेली," एवढंच ते बोलले. मी "बरं" म्हणाले. समोर एक बाई साखरेसाठी उभी होती. तिची साखर तोलली, पुडी बांधून दिली आणि शटर खाली ओढलं. नंतर लोक म्हणाले, मंगलाबाई फार धीराच्या. धीर वगैरे काही नव्हता. हात सुरू होते, म्हणून कामं होत होती. शटर खाली आलं, अंधार झाला आणि मग मला कळलं, की ते मी आतून ओढलंय आणि मी आतच उभी आहे… किती वेळ तशी उभी होते ते सांगता येणार नाही.

शालू म्हणजे शालिनी, माझी नणंद. माझ्याहून थोडीच लहान. लग्न जुळलं नाही, पुढे तिनंच तो विषय बंद केला. एका राइस मिलमध्ये काट्यावर बसायची, धानाच्या गाड्यांचं वजन लिहून घ्यायची, आणि संध्याकाळी घरी आली की माझ्या दुकानातले रिकामे खोके कापत बसायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुलं नाना वेष करून, चाकाचे लाकडी बैल ओढत मैदानात जमतात आणि मग घरोघरी बोजारा मागत फिरतात. कोणी पैसे देतं, कोणी खाऊ. इतरांची मुलं शेतकरी होत, राजे होत, देव होत. आमच्या गल्लीतली मुलं मात्र पंख लावून, मुखवटे घालून, छातीवर पत्र्यासारखं चमकणारं काहीतरी बांधून जात, आणि ते सगळं शालूच्या हातचं असे. मोबाइलवर बघून बघून शिकली होती. पुठ्ठ्यावरून ती फोमवर आली. फोम म्हणजे जमिनीवर अंथरायच्या चटईचा असतो तसला जाड, काळा. तो गरम केला की नरम पडतो, हवा तसा वाकवायचा, गार झाला की तसाच राहतो. त्यासाठी म्हणे एक यंत्र मिळतं. आमच्या घरात यंत्र नव्हतं, तवा होता.

"शालू, तो तवा पोळ्यांचा हाय," मी ओरडायची.

"म्हणून तर घेतला. सारखा तापते."

"अन् त्याचा वास मंग पोळ्यांले येते त्याचं काय?"

"भाऊ काही बोलला का? नाही न? मंग तूच कायले नाक मुरडून राहिली?"

भाऊ काही बोलत नसे, हे खरं. भावाला वासाचं काही कळत नसे. मी दुसरा तवा आणला आणि जुना तिला देऊन टाकला. आमच्या दोघींमधलं भांडण असं एखादी वस्तू आणून मिटत असे. गोड बोलणं तिलाही जमत नव्हतं आणि मलाही.

आजार निघाला तो मागच्या वर्षी. ऑपरेशन झालं, किमो झाल्या, केस गेले, परत थोडे आले. यंदा उन्हाळ्यात डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं आणि औषध लागू पडत नाही, हे शांतपणे सांगितलं. यजमान माझ्याकडे बघत होते, मी भिंतीकडे. शालूनं मात्र विचारलं, "पोळा होईल का?" डॉक्टर बाहेरचे असावेत, त्यांना उमगलं नाही. मी म्हणाले, पावसाळ्यात येतो, श्रावण सरताना. ते म्हणाले, "पाहू या." बसस्टँडकडे येताना ती मला म्हणते, "पाहू म्हणजे होते, वहिनी. नाही व्हायचं असतं तर सरळ नाही म्हणाला असता तो." आणि स्टँडवर न थांबता तिनं ऑटो वळवायला लावला तो थेट इतवारीच्या बाजारात. तिथून फोमच्या शीट घेतल्या. परतीच्या गाडीत ती गुंडाळी दोन्ही हातांनी उभी धरून ती बसली होती. डोक्याला रुमाल, गालाची हाडं वर आलेली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बाई, गादी?" ती म्हणाली, "चिलखत हाय." तो हसला, तीही हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

हे चिलखत गार्गीचं होतं. तिनं आत्याकडून वचनच घेतलं होतं. टीव्हीतला कुठला हिरो तिला नको होता. शाळेत बाईंनी नागझिऱ्याच्या जंगलातल्या खवल्या मांजराची गोष्ट सांगितली होती, तेव्हापासून तिच्या डोक्यात तिचा स्वतःचा एक सुपरहिरो तयार झाला होता. पाठीवर, खांद्यांवर, हातांवर सगळीकडे खवले.

"अन् करते काय तुझा हिरो?" शालूनं विचारलं.

"त्याच्यावर कोणी आलं न आत्या, का तो गोल होऊन बसते. वाघाले बी उघडता येत नाही."

"हे बरं हाय. मारामारी नाही, काही नाही. नुसतं बसून राहायचं."

"बसून नाही राहत! वाचवते!"

"कोणाले?"

"त्याचं पिल्लू असते न, त्याले पोटाशी घेऊन गोल होते."

शालू उठून दोरी घेऊन आली. मग म्हणाली, "आण तुझी पाठ इकडं." आणि दोरी लावून मापं घ्यायला लागली.

पिंपळाच्या पानाच्या आकाराचे खवले तिनं कापले. मिलमधून तिनं रजा घेतली होती, दिवसभर तेच. थकली की आडवी व्हायची, उठली की पुन्हा कातर. कापून झाल्यावर चपलांना लावतात ते सोल्युशन घेऊन तिनं ते पाठीच्या तुकड्यावर चिकटवायला घेतले, मानेपासून सुरुवात करून खाली कमरेपर्यंत. सगळी पाठ भरली. सासूबाई बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून एकदाच पाहिलं.

"काहून गं शालू, कवेलू असे चढवतेत का? वरून खाली? सारं पाणी आत येईल न."

"माय, हे छत नोहे."

"मंग काय हाय?"

शालूनं तो तुकडा उभा धरला. प्रत्येक खवल्याची वरची कड त्याच्या वरच्या खवल्यावर चढलेली, आणि सगळ्या फटी आभाळाकडे तोंड करून उघड्या. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात वाढलेल्या पोरीनं छप्पर उलटं शाकारलं होतं. ती बघत राहिली आणि मग इतकी हसली, की तिला धाप लागली. "छतच हाय, माय," ती म्हणाली.

मी म्हणाले, राहू दे आता, कोणाला समजते. "गार्गीले समजन," ती म्हणाली आणि एकेक खवला उपटायला लागली. सोल्युशन घट्ट बसलं होतं. खवले फाटले, पाठीचा तुकडाही फाटला. त्या आठवड्यात तिला ताप भरला, परत नागपूर झालं, पाऊस लागला. पोळा जवळ येत होता आणि चिलखत पुन्हा पहिल्यापासून करायचं होतं.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की तिच्या बोटांच्या टोकांना काही कळत नाही. किमोनं असं होतं म्हणतात. ती तव्यावरचा फोम उचलत होती आणि तिचं बोट तव्याला टेकलेलं होतं. टेकलेलंच. ती माझ्याशी बोलत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तिचा हात ओढला तर म्हणते, "काय झालं?" फोड आला होता. त्या दिवसापासून तव्यापाशी मी बसले. दुकान दुपारी बंद ठेवायचं आणि चिलखत करायचं. मला या कामाची आवड नव्हती, आजही नाही. पण एकाच्या हातून होत नसेल तर दुसऱ्यानं करायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे?

"पोळी नोहे ते, वहिनी! पलटवू नको!"

"मंग कवा काढू?"

"चमक गेली का मंग. आता काढ. काढ! गंजावर दाब, जोरानं, दाबून धर."

भात शिजवायचा मोठा गंज उपडा घालून त्याच्या बुडावर मी खांद्याच्या वाट्या दाबून धरायची, त्या गार होईपर्यंत. ती बाजूला उशीला टेकून सूचना द्यायची. एकदा मला म्हणाली, "तुझा हात कडक हाय. मस्त आकार येते." आमच्या इतक्या वर्षांत तिनं माझं केलेलं बहुतेक तेवढंच कौतुक. या वेळी खवले कमरेपासून वर चढवले. सासूबाई येता-जाता बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या, म्हणजे बरोबर चाललं होतं. मानेजवळचा शेवटचा खवला तिनं स्वतः लावला. जरा वाकडा बसला. तिला तो वाकडा दिसला की नाही, मी विचारलं नाही.

मापं घेतली होती, पण पूर्ण चिलखत शालूनं गार्गीला एकदाही घालू दिलं नाही. "आधी घातलं का मजा जाते. त्या दिवशीच पाहीन," असं म्हणून तिनं ते तांदळाच्या धुतलेल्या पोत्यात भरून खुंटीला अडकवलं. त्यानंतर दोनच दिवसांत तिला श्वास पुरेना, म्हणून नागपूरला नेलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती गेली.

घरात सूतक, त्यामुळे सण नाही. पण गार्गी लहान आहे, आणि सूतक वगैरे मी सांभाळून घेतलं असतं. मला त्याची भीती नाही. मी सासूबाईंजवळ जाऊन बसले आणि सरळ विचारलं, आई, पोरीला पाठवू का? शालूनं त्याच दिवसासाठी केलंय. त्यांनी खुंटीवरच्या पोत्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सूतकाचं नाही म्हणत मी. मले पाहवणार नाही, मंगला." मी उठून गार्गीला सांगितलं, यंदा नाही. तिनं "बरं" म्हटलं, मी फोनवर म्हटलं होतं अगदी तसंच.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्लीत मुलं निघाली. लाकडी बैलांची चाकं रस्त्यावर खडखडत येतात, तो आवाज लांबूनच कळतो. सूतकाच्या घरी मुलं बोजारा मागत नाहीत, पुढे निघून जातात. मी दार लोटून घेतलं होतं. खडखड जवळ आली आणि आमच्या घरासमोर एकदम थांबली. मला वाटलं, कोणी पडलं की काय. फटीतून पाहिलं तर मुलांनी आपापले बैल उचलून छातीशी धरले होते. चाकं वाजू नयेत म्हणून. त्यांना तसं कोणी शिकवलं, मला माहीत नाही. बैल कडेवर घेऊन, एकामागे एक, आवाज न करता मुलं आमच्या दारावरून चालली होती. कोणाच्या पाठीला पंख होते, कोणाच्या डोक्यावर शिरस्त्राण, कोणाच्या छातीवर चमकता पत्रा. तीन वर्षांपूर्वीचं, गेल्या वर्षीचं, त्याआधीचं. धाकट्या भावंडांनी घातलेलं, कुठे दोरीनं बांधलेलं, कुठे टाचलेलं. सासूबाई माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही.

"हे सारं शालूचंच न?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या शेवटच्या मुलापर्यंत बघत राहिल्या. पुढच्या घराशी बैल खाली ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा त्या खाली बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. तोपर्यंत रडल्या नव्हत्या. मीसुद्धा नव्हते.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मग एका दुपारी, गार्गी शाळेतून आल्यावर, सासूबाईंनी स्वतः ते पोतं खुंटीवरून काढलं. "घाल," म्हणाल्या, "मले दाखव." पट्टे पाठीमागे आहेत, एकटीला लावता येत नाहीत. त्यांनीच ते लावून दिले, चुकत, पुन्हा काढून. चिलखत तिला नेमकं बसलं. कुठे ढिलं नाही, कुठे ओढ नाही. गार्गीनं गुडघे पोटाशी घेऊन, मान आत घालून, जमिनीवर गोल होऊन दाखवलं. पाठीवरचे खवले एकमेकांवर नीट बसले आणि कुठेच फट राहिली नाही. आजीनं वरून हात फिरवला. "लागते का आतमंधी?" "काहीच कळत नाही आजी, बाहेरचं." …

कापडाला शिवणीत जास्तीचा दाब ठेवता येतो, पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतं. फोमला तसं काही नसतं. पुढच्या तान्ह्या पोळ्याला हे तिला येणार नाही. आत्ताच खांद्याशी थोडं आवळायला लागलंय. ते गार्गीला कळलंय आणि तिच्या आजीलाही. म्हणून रोज संध्याकाळी शाळेचे कपडे बदलले की ती आजीकडे पाठ करून उभी राहते. आजी पट्टे लावून देते. मग ती तशीच गृहपाठ करते, तशीच दुकानात येऊन माझ्या बाजूला स्टुलावर बसते. गिऱ्हाईक बघतं, काही विचारत नाही. पान उलटायला हात हलवला की खवले एकमेकांवर घासतात, तेवढाच आवाज. रात्री मी ताटं वाढते. जेवताना तरी ते काढून ये, असं मी म्हणायला पाहिजे. भाताचे कण अडकतात, आमटी सांडते, धुता येत नाही.

मी म्हणत नाही.