मुका नाला

नरहरी पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले आणि सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून पत्नी तुळसाबाईंसोबत छत्तीसगढातल्या जामुलच्या पुढच्या एका खेड्यात राहायला आले. तुळसाबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. उभा जन्म प्लांटच्या शिफ्ट सांभाळत स्वयंपाक केला, पण लहानपणची ‘कावून’, म्हणजे ‘का’, विचारायची सवय काही सुटली नव्हती.

गावाबाहेर एक नाला होता. वरच्या अंगाला खळखळायचा, खाली खळखळायचा; मधे काळ्या खडकाजवळच्या डोहाशी मात्र चिडीचूप. लोक त्याला मुका नाला म्हणत.

“मुका कावून वं?” तुळसाबाईंनी शेजारच्या सुकवारोला विचारलं.

सुकवारो छत्तीसगढीत सांगू लागली. फार पूर्वी सासरच्या छळाला कंटाळून एक सून पळाली, ती नाल्यात लपली. माणसं शोधत आली, तर नाल्याने श्वासच रोखून धरला. तेव्हापासून तो तिथे बोलत नाही. गावच्या बाया आजही मनातलं दुःख त्या खडकाला सांगतात. तो कुणाला सांगायचा नाही, हा त्यांचा भरवसा.

तुळसाबाईंना गोष्ट आवडली, पण झोप लागेना. दुसऱ्या दिवशी त्या पदराला हळद बांधून निघाल्या. नरहरीही मागे आले.

“काय करून राहिली तू?”

“पाहा ना तुमी!”

त्यांनी डोहात हळद कालवली. पिवळा रंग पसरला, मग हळूहळू खडकाच्या बुडाशी ओढला गेला आणि दिसेनासा झाला. दोघं वळणापलीकडे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिथल्या दगडांमधून पिवळं पाणी उसळलं. तुळसाबाईंनी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

घरी येताच त्यांनी सुकवारोला गाठलं. “अवो, पाणी खडकाखालून जाते! आत पोकळी हाये, म्हणून आवाज येत नाही.” सांगताना त्या जरा चाचरल्या, गोष्ट मोडली म्हणून बाईला वाईट वाटेल, असं वाटलं.

सुकवारो मात्र हसली. “त बहू ल अउ कहां लुकाइस होही?”

मग नाल्याने सुनेला दुसरीकडे कुठे लपवलं असेल! हे तुळसाबाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

संध्याकाळी त्या पुन्हा खडकापाशी गेल्या. पाण्यात वाकून कोपरापर्यंत हात आत घातला. बोटांना गार पाणी लागत होतं, तळ लागत नव्हता.

“हात काढ, साप असन!” नरहरी ओरडले.

“मले एक लांब बांबू आणून द्या,” हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या. “माणूस मावते का नाही, पाहू द्या.”